मुलीला पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरकडे न्यायचंय आणि घाबरलेय मी

निंबोणी

लेक सव्वातीन वर्षांची. परवा रात्री दात घासताना तिने मोठ्ठी जांभई दिली म्हणून मोबाइलची बॅटरी लावून तोंडात डोकावले, तर खालच्या डाव्या दाढेवर मोहरीएवढा तपकिरी ठिपका. मग वरचा ओठ उचलून बघितला. समोरच्या दातांवर, हिरडीच्या अगदी कडेला, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ. घासून गेली नाही, नखाने खरवडूनही नाही.

तेव्हापासून घरात दोन पक्ष आहेत. सासूबाई म्हणतात, दुधाचेच दात, पडणारच आहेत, एवढ्याशा पोरीला खुर्चीत कशाला बसवतेस. नवरा म्हणतो, दुखत नाहीये ना, दुखेल तेव्हा बघू. मला दोघांचंही पटत नाही, पण वाद घालताना माझाच आवाज बारीक होतो. मी सहा वर्षांची असताना दोघांनी हात आणि एकाने पाय धरून माझी दाढ काढली होती. नेताना सांगितलं होतं, "नुसतं बघणार आहेत." अजूनही लवंगेच्या तेलाचा वास आला की तळहात ओले होतात. स्वतःचे दात शेवटचे कधी दाखवले ते विचारू नका.

तर, आत्ता नेऊ की थांबू? नेहमीचे दातांचे डॉक्टर चालतील की लहान मुलांचेच शोधू? तिला आधी काय सांगायचं, किती सांगायचं? आणि खरं विचारायचंय ते हे: मी आत जाऊ की नवऱ्याला पाठवू? माझी भीती तिला लागेल असं वाटतंय.

आळशी_कासव

जा. बाकीचं नंतर वाचतो.

रातकिडा

शीर्षक वाचूनच माझी दाढ ठणकायला लागली. धागा बंद करा.

कवडसा

निंबोणी, लगेच ने. आमच्याकडे हाच ठिपका होता आणि हेच "दुखेल तेव्हा बघू". मुलगा चार वर्षांचा होता. दुखलं ते शनिवारी रात्री अडीच वाजता. सकाळपर्यंत गाल इतका सुजला की त्या बाजूचा डोळा अर्धा मिटला. आधी सूज उतरवायची औषधं, मग दाढेची नस काढली, तीन फेऱ्या, वर कॅप.

नंतर नीट आठवल्यावर कळलं की त्याला आधीपासून दुखत असणार. दोन महिने तो सगळं उजव्या बाजूनेच चावत होता आणि गार पाणी प्यायचं म्हटलं की तोंड वाकडं करायचा. आम्ही त्याला नखरे म्हणत होतो. एवढी लहान मुलं "दाढ दुखते" असं सांगत नाहीत. त्यांना वाटतं असंच असतं.

मला जास्त लागलं ते वेगळंच. दातांच्या डॉक्टरांशी त्याची पहिली ओळख झाली ती ठणक्यात. आता सात वर्षांचा आहे, तरी त्या इमारतीच्या जिन्यात पाय रोवून उभा राहतो. ठिपका असतानाच गेलो असतो तर ते छोटंसं काम होतं.

जुनाखडू

वेगळं मत मांडतो, राग मानू नये. आम्ही पाच भावंडं. कोणीही लहानपणी दातांच्या डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही. कुणाचं काही अडलं नाही. हल्ली मुलाला शिंक आली तरी तज्ज्ञ शोधतात. आई-बापांना घाबरवायचं आणि मग तपासण्यांची माळ लावायची, असं मला वाटतं.

तिरकस

काका, राग मुळीच नाही. एकच विचारतो. सध्या तोंडात स्वतःचे किती?

जुनाखडू

एकोणीस. बाकीचे रात्री पेल्यात असतात.

हरकत अर्धी मागे घेतो.

रातकिडा

याला म्हणतात हत्तीचे दात! काकांना साष्टांग.

दंतकथा

मी लहान मुलांचीच दंतवैद्य आहे, आयडीवरून अंदाज आला असेलच. जरा लांबण लागेल.

"पडणारच आहेत" हे खरंच आहे, प्रश्न केव्हा पडणार एवढाच. समोरचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास हलायला लागतात, पण दुधाच्या मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे निंबोणीच्या मुलीला त्या ठिपकेवाल्या दाढेवर अजून सात-आठ वर्षं चावायचं आहे. शिवाय ती दाढ खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी जागा धरून बसलेली असते. ती अवेळी काढावी लागली की शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत कलतात आणि पुढे पक्का दात वाकडा येतो किंवा अडकून बसतो. त्यात दुधाच्या दाताचं कवच पातळ आणि आतली नस जवळ, त्यामुळे कीड मोठ्यांच्या दातापेक्षा फार लवकर आत पोचते. कवडसाच्या मुलाचं तेच झालं.

ठिपक्यापेक्षा मला त्या पांढऱ्या रेघेची जास्त काळजी वाटते आणि आनंदही तिचाच जास्त आहे. काळजी यासाठी की ती किडीची पहिली पायरी असू शकते. तिथली खनिजं निघून गेलेली असतात, पण खड्डा पडलेला नसतो. आनंद यासाठी की इथून मागे फिरता येतं. फ्लोराइडचं व्हार्निश आणि रोजचं घासणं सुधारलं तर ती जागा पुन्हा कडक होते. रेघ तपकिरी होऊन दात झिजायला लागला की ती वाट बंद.

निंबोणी, एक विचारते, उत्तर इथे दिलं नाहीत तरी चालेल. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय होती का? वरच्या समोरच्या दातांवर अशी रेघ आणि खालचे समोरचे चार स्वच्छ असं दिसलं की मनात पहिल्यांदा तेच येतं. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ पांघरुणासारखी असते, त्यामुळे ते वाचतात.

राहिलं वयाचं. शिफारस अशी आहे की पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाखवून घ्यावं. हे सांगितलं की पालक माझ्याकडे मी वेडी असल्यासारखं बघतात. पण त्या भेटीत करायचं काही नसतं, नुसतं बघायचं आणि आईवडिलांशी बोलायचं. पहिली भेट अशी बिनकामाची असावी.

निंबोणी

डॉक्टर, होय. अडीच वर्षांची होईपर्यंत. रात्री तीनदा उठायची, बाटली दिली की झोपायची. मलाही झोपायचं होतं हो.

खालचे चार खरंच स्वच्छ आहेत. आत्ता जाऊन बघून आले, झोपेतच ओठ खाली करून. कूस बदलली तिने.

कवडसा

निंबोणी, त्यासाठी स्वतःला खात बसू नकोस. रात्री तीनदा उठणाऱ्या आयांनी काय करायचं ते दिवसा झोप काढलेल्या माणसांनी सांगू नये. (डॉक्टर, हे तुम्हाला नाही.)

दंतकथा

मलाही लागू आहे. माझ्या थोरल्याला मी स्वतः बाटली देऊन झोपवलंय, दंतवैद्य असून. सवय मोडायची असेल तर बाटलीत शेवटी नुसतं पाणी, एवढं लक्षात ठेवा.

सुईदोरा

फ्लोराइड पोटात गेलं तर वाईट ना? आमचा पेस्ट थुंकत नाही, गिळतो. म्हणून मी फ्लोराइड नसलेली पेस्ट वापरते. आणि एक्स-रे एवढ्या लहान मुलांना करतात का?

दंतकथा

सुईदोरा, प्रमाणाचा प्रश्न आहे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर वळणदार पट्टा दाखवतात तो विसरून जा. दाण्याएवढी गिळली तरी चालते, आणि कीड थांबवायला फ्लोराइड लागतंच. पेस्टची ट्यूब मात्र मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. घासून झाल्यावर थुंकू दे, पण खळखळून चुळा भरायला लावू नका, कारण दातावर राहिलेलं फ्लोराइड कामाचं असतं.

एक्स-रे गरज असेल तरच. दोन दाढा एकमेकींना चिकटून असतील तर मधली कीड डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा लागतो. त्यातलं किरणांचं प्रमाण फार कमी असतं. पहिल्या भेटीत बहुधा करत नाहीत.

आणि ब्रश मुलाच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. सात-आठ वर्षांपर्यंत निदान रात्रीचं घासणं मोठ्यांच्या हातचंच हवं. तोपर्यंत मनगट तसं वळत नाही त्यांचं.

वाटसरू७

निंबोणीच्या "काय सांगायचं" या प्रश्नावर माझा धडा, म्हणजे काय सांगू नये याचा.

मुलगी पाच वर्षांची. मी तिला शब्द दिला, "अजिबात दुखणार नाही, मुंगीसुद्धा चावणार नाही." दाढेची कीड खोल निघाली, इंजेक्शन द्यावं लागलं. तिने डॉक्टरांकडे बघितलंच नाही. मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. रडली पण नाही. घरी येताना गाडीत एकच वाक्य, "बाबा, तू खोटं बोलतोस."

त्यानंतर वर्षभर केस कापायला नेतानासुद्धा "खरं सांग" म्हणायची. लस द्यायची तर ती डॉक्टरांना विचारायची, मला नाही. दाढ एका दिवसात नीट झाली, मला बराच काळ लागला.

सुईदोरा

वाटसरू, वाचून कसंतरीच झालं. पण मग "दुखेल" म्हणून सांगायचं का? म्हणजे ती दारातूनच परत.

दंतकथा

दोन्ही नको. "दुखणार नाही" या वाक्यातलं मुलाला फक्त "दुखणार" ऐकू येतं. "घाबरू नकोस" म्हटलं की त्याला कळतं, इथे घाबरण्यासारखं काहीतरी आहे. सुई, काढणं, कापणं हे शब्द घरी उच्चारूच नका. जे नक्की घडणार आहे तेवढंच सांगा: मोठी खुर्ची वर-खाली होते, डोक्यावर दिवा असतो, डॉक्टर छोट्या आरशाने दात मोजतात. पुढचं आमच्यावर सोडा. इंजेक्शन द्यायचं झालंच तर आम्ही आधी हिरडीला मलम लावून ती जागा बधिर करतो आणि "आता जरा दाबल्यासारखं वाटेल" असं सांगतो, कारण तसं वाटतंच.

आमच्याकडे "सांगा, दाखवा, मग करा" अशी पद्धत आहे. ॲडलस्टन नावाच्या दंतवैद्याने १९५९ साली मांडली, अजून तिच्यावरच आमचं दुकान चालतं. गोल फिरणारा ब्रश आधी मुलाच्या नखावर फिरवायचा, हवेचा फवारा तळव्यावर सोडायचा, पाणी ओढणाऱ्या नळीला पेल्यातलं पाणी प्यायला लावायचं. मग तोंड.

आणि कृपा करून "दात घासले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" असं कुणी म्हणत असाल तर ते आज थांबवा. घरी तुम्ही आमचा बागुलबुवा करता आणि मग आम्ही हसून बोललो तरी मूल दातखीळ बसल्यासारखं बसतं.

रातकिडा

डॉक्टर, एवढ्या गप्पा मारण्यापेक्षा तो हसवणारा वायू का देत नाही? आम्ही पण येऊ.

तिरकस

त्या वायूची गोष्ट भारी आहे. होरेस वेल्स हा अमेरिकन दंतवैद्य. १८४४ च्या डिसेंबरात त्याने तो वायू हुंगून आधी स्वतःचीच दाढ काढून घेतली. पुढच्या महिन्यात बॉस्टनला मोठमोठ्या डॉक्टरांसमोर प्रयोग करायला गेला आणि तिथे नेमका रोगी ओरडला. लोकांनी हुर्यो उडवली. दाताच्या दुखण्यावर एवढा जीव टाकलेला माणूस, पण दैवाने साथ दिली नाही.

दंतकथा

आता तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या छोट्या मास्कमधून देतात. मूल जागं असतं, बोलतं, फक्त सैलावतं. बंद केला की काही मिनिटांत पूर्ववत. पण नाकाने श्वास घेण्याइतकं सहकार्य लागतं, नाक चोंदलेलं असेल तर उपयोग नाही. आणि दात मोजायला कशाला हवा वायू? रातकिडा, तुम्ही या, तुम्हाला मात्र लागेल असं दिसतंय.

टोकदार

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा कडू. आम्ही गेलो होतो तिथे डॉक्टरांनी मला सरळ बाहेर बसायला सांगितलं. मुलगा साडेचार वर्षांचा. दार बंद. आतून त्याच्या रडण्याचा आवाज आणि मी बाहेर मासिकाचं एकच पान बघत बसलेले. वीस मिनिटांनी बाहेर आला, काम झालं होतं, पण आत काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही. आधी विचारलं असतं, समजावलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पुन्हा तिथे पाय ठेवला नाही.

तिरकस

टोकदार, बरोबर केलंत. मी माझी गाडीसुद्धा दाराआड दुरुस्तीला देत नाही.

वाटसरू७

दुसरी बाजू पण आहे हं. आमची लेक, आई समोर असली की तारसप्तकात रडते, बाबा असला की निम्मं, कोणीच नसलं की गप्प बसून सगळं करून घेते. बालवाडीच्या बाईंनीही हेच सांगितलं.

दंतकथा

टोकदार, तुम्हाला न विचारता बाहेर काढणं मला पटत नाही. काही सहकारी मोठ्या मुलांच्या बाबतीत पालकांना बाहेर थांबवतात आणि काही मुलं खरंच तशी जास्त मोकळी होतात, वाटसरू म्हणतात तशी. पण ते आधी बोलून, पालकांच्या संमतीने. फोनवर वेळ घेतानाच विचारा: मी आत थांबू शकते का? उत्तर कसं येतं त्यावरून निम्मी पारख होते.

निंबोणीच्या वयाच्या मुलीला आई किंवा बाबा जवळ हवेतच. दोन वर्षांच्या आतल्यांना तर आम्ही खुर्चीत बसवतच नाही. आई आणि मी गुडघ्याला गुडघे लावून बसतो, मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर, मग त्याला हळूच मागे निजवायचं म्हणजे डोकं माझ्या मांडीत येतं. त्याला आईचा चेहरा दिसत राहतो, मला दात दिसतात. तेवढ्यात रडलं तर रडू दे. रडणारं मूल म्हणजे उघडं तोंड, आमचं अर्धं काम झालेलं असतं.

फक्त एक अट. आत असाल तर बोलायचं एकानेच. मी "आता मोजूया" म्हणतेय आणि बाजूने "आ कर, आ कर ना, शहाणी ना तू" चालू असेल तर मुलाला दोघांचंही ऐकू येत नाही. हात धरा, गप्प बसा.

निंबोणी

हात धरेन, पण माझा हात गार आणि ओला असतो तिथे. तेच तर.

शांतवेळ

निंबोणी, तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण कदाचित उपयोग होईल. माझा मुलगा स्वमग्न आहे. त्याला आवाज, दिवा, चेहऱ्याला परका स्पर्श, यातलं काहीही चालत नाही. तोंडाच्या आत तर नाहीच.

आम्ही सहा वेळा गेलो तेव्हा पहिला आरसा तोंडात गेला. पहिल्या वेळी फक्त दारापर्यंत. दुसऱ्या वेळी तो खुर्चीभोवती गोल गोल फिरला आणि आम्ही घरी आलो. तिसऱ्या वेळी खुर्ची वर-खाली करायचं बटण दाबू दिलं, अकरा वेळा दाबलं. डॉक्टरांनी दर वेळी सकाळची पहिलीच वेळ दिली, म्हणजे बाहेर गर्दी नाही आणि शेजारच्या खोलीत यंत्राचा आवाज नाही. दिव्याला गॉगल, कानाला हेडफोन. घरातला रोजचा ब्रश सोबत नेला आणि तोंडात आधी तोच गेला, डॉक्टरांच्या हातून.

सहा फेऱ्यांत एकाही दाताला हात लागला नाही म्हणून घरचे हसत होते. मी मोजत होते बटण.

कवडसा

शांतवेळ, __/\__

गोगलगाय

घरात आधी खेळ खेळा, फार उपयोग होतो. आम्ही जुन्या अस्वलाला पेशंट केलं. चमच्याच्या मागच्या बाजूचा आरसा, बॅटरीचा दिवा, आरामखुर्चीची मोठी खुर्ची. लेकीने अस्वलाचे दात मोजले, चाळीस भरले.

जुनाखडू

या खेळाचा एक धोका नोंदवून ठेवतो. चार वर्षांचा नातू डॉक्टर झाला आणि मी पेशंट. "आ करा" म्हणाला, केला. मोजता मोजता त्याने वरचा एक दात धरून हलवला आणि अख्खी कवळी त्याच्या हातात आली. तो जो किंचाळला! हातात माझे दात घेऊन घरभर पळत सुटला, "मी आजोबांना मोडलं."

आता भीती गेली आहे. आल्या-गेल्या पाहुण्यांसमोर "आजोबा, दात काढा" अशी फर्माईश असते.

रातकिडा

"मी आजोबांना मोडलं." आज दिवसभर हेच.

सुईदोरा

अवांतर विचारते. आमच्या पुतणीला कीड थांबवायला काहीतरी लावलंय, त्याने दात काळेकुट्ट झालेत. वहिनी रडतेय. हे बरोबर आहे का?

दंतकथा

सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड असणार. ना ड्रिल, ना इंजेक्शन, थेंबभर औषध किडीवर लावायचं, बऱ्याचदा कीड तिथेच थांबते. पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. हे लावण्याआधी फोटो दाखवून पालकांना सांगायलाच हवं. वहिनींना सांगितलं नसेल तर त्यांचं रडू रास्त आहे. औषध मात्र वाईट नाही. फार लहान मूल, खूप किडलेले दात, अशा वेळी त्याने बेशुद्ध करून उपचार करणं टळू शकतं किंवा निदान पुढे ढकलता येतं.

दाढांसाठी दुसरी सोय म्हणजे स्टीलची कॅप. त्यातही स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंची रीत आहे: कीड न कोरता, भूल न देता कॅप दाढेवर दाबून बसवायची, म्हणजे आत कोंडलेल्या किडीला खायला मिळत नाही. प्रत्येक दाढेला चालत नाही, नस खराब झालेली नसावी लागते. चावताना सुरुवातीला उंच लागतं, काही आठवड्यांत जुळतं.

गोगलगाय

आमच्या लेकीला तशी चंदेरी कॅप आहे. वर्गात सगळ्यांना आ करून दाखवून आली. दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीच्या आईचा फोन, "आमची पण चंदेरी दात मागतेय, काय सांगू?"

टोकदार

एक भर घालते, कारण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. भूल दिली असेल तर घरी आल्यावर दोन-तीन तास मुलावर डोळा ठेवा. ओठ बधिर असतो आणि पोरं तो गंमत म्हणून चावत बसतात. आमच्याचा ओठ दुसऱ्या दिवशी एवढा सुजला की मला वाटलं काही उलटंच झालं. भूल उतरेपर्यंत काही चावायलाही देऊ नका.

वाटसरू७

माझंही अवांतर. थोरलीच्या खालच्या दुधाच्या दातांमागे दुसरी रांग आलीय. शार्क झालीय कार्टी. धावत जाऊ का?

दंतकथा

धावू नका, चालत जा. सहा-सात वर्षांच्या सुमारास हे फार दिसतं. पुढचा हलत असेल तर हलवत राहू दे, तो पडला की जीभ मागच्याला पुढे ढकलते. हलतच नसेल तर दाखवा. आणि गेलात की शेवटच्या दुधाच्या दाढेमागे बघायला सांगा. सहाव्या वर्षाच्या आसपास तिथे पक्की दाढ येते, काहीही न पडता. लोक तिला दुधाची समजतात आणि "पडेलच" म्हणून सोडून देतात. ती पडत नाही हो, ती जन्मभराची असते.

तिरकस

धागा निंबोणीचा होता ना? गेल्या कुठे?

निंबोणी

आहे, आहे. काल जाऊन आले! लहान मुलांच्याच डॉक्टर मिळाल्या. सकाळची वेळ घेतली, झोप झालेली, पोट भरलेलं. नवरा बाहेर थांबला, मी आत. शांतवेळचा प्रतिसाद वाचल्यावर ठरवलं, आज फक्त बटण दाबून आलो तरी चालेल.

तिला एवढंच सांगितलं होतं की डॉक्टर दात मोजतात. आत गेल्यावर ओठ घट्ट. डॉक्टरांनी आग्रह केला नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग आधी आईचे मोजू. तू आकडे म्हण." मला हे अपेक्षितच नव्हतं. मी त्या खुर्चीत टेकले. तो दिवा, तो वास. लेक स्टुलावर उभी राहून माझ्या तोंडात बघत होती. डॉक्टर आरसा एकेका दाताला टेकवायच्या आणि ही आकडा म्हणायची, बारानंतर तिला येत नाही म्हणून पुन्हा एक. माझे तळहात ओलेच होते. तिने एक हात धरला होता, "ईई, गार" म्हणाली, पण सोडला नाही.

मग ती माझ्या मांडीवर बसली, खुर्चीत दोघी. तिचे चौदा मोजून झाले. पंधराव्याला तोंड मिटलं आणि "पुरे" म्हणाली. डॉक्टर म्हणाल्या, "बरं, पुरे." बस. उरलेले सहा पुढच्या आठवड्यात. खाली उतरल्यावर तिने अस्वलाला (गोगलगाय, थँक्यू) "तुला पण पुरे?" असं विचारलं.

पांढऱ्या रेघा दंतकथा म्हणाल्या त्याच. तपकिरी ठिपका कीडच आहे, पण वरवर. डॉक्टर म्हणाल्या, भूल न देता भरता येईल असं दिसतंय, मात्र तिची तयारी झाल्यावरच. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, चौदाच मोजले आणि आलात परत?

दंतकथा

चौदा म्हणजे खूप झाले. "पुरे" म्हटल्यावर डॉक्टर थांबल्या हे ती लक्षात ठेवेल. पुढच्या वेळी पहिले चौदा लवकर होतील.

जुनाखडू

हरकतीचा उरलेला अर्धा भागही मागे.

निंबोणी

अपडेट: आज वीस! व्हार्निश पण लावून घेतलं. "चिकट आहे" अशी तक्रार केली आणि जिभेने दात चाटत घरी आली. ठिपका पुढच्या महिन्यात भरायचाय. आणि माझ्या मागच्या दाढेला भोक आहे. मोजताना दिसलं होतं, डॉक्टरांनी तेव्हा लेकीसमोर बोलायचं टाळलं. आज सांगितलं. अजून वेळ घेतलेली नाही. ढकलू नका मला.

रातकिडा

ढकलत नाही, सोबत येतो. तुम्ही बाहेर थांबा, मी रडतो. मग उलट.

आळशी_कासव

आत्ता सगळं वाचून काढलं. माझं उत्तर तेच आहे: जा.

आमच्याकडचं पिल्लू आठ महिन्यांचं. खाली दोन आलेत. मोजायला किती वेळ लागेल?

दंतकथा

दोन सेकंद. घेऊन या.